उंचीचा फाऊल

१ ऑगस्ट २०२५, शुक्रवार
यंदा राज्य पंच व्हायचंच. ठरलं म्हणजे ठरलं. चौदा वर्षं झाली परभणी जिल्ह्यात बास्केटबॉलला शिट्टी मारायलोय आणि अजून जिल्हा पंचच. माझ्या मागून आलेली पोरं राज्याचा बिल्ला लावून मिरवायलीत. उद्यापासून पहाटे पाचला उठून स्टेडियमला राउंड. रूलबुकची रोज पाच पानं. स्टँडसमोरची भजी बंद. ही डायरी कुणाला दाखवायची नाही. सौ.ला तर बिलकुल नाही.

२ ऑगस्ट
पाचचा गजर झाला. आभाळ आलं होतं. भिजून सर्दी झाली तर पंचगिरी कोण करणार, म्हणून परत झोपलो. पाऊस काही पडला नाही, पण माझा अंदाज चुकला असंही नाही. पालमकडं पडला म्हणे. रूलबुक काढलं. इंग्रजी आहे, अक्षर बारीक. आज कव्हर आणि अनुक्रमणिका. अनुक्रमणिकेचीही पानंच असतात. संध्याकाळी भजी. शेवटची.

७ ऑगस्ट
आज धक्का लागण्याचं प्रकरण उघडलं. चित्रात एका खेळाडूभोवती गोल डब्यासारखी रेघ काढलीय. म्हणे माणूस उभा आहे ती जागा आणि तिच्यावरची हवा त्याची. आधी कोण उभं होतं आणि कुणाच्या जागेत कोण घुसलं, एवढंच बघायचं. हात सरळ वर केले तर तो गुन्हा नाही. माणूस केवढा आहे ते बघायचं नाही. वाचून हसायला आलं. केवढा आहे ते बघायचं नाही तर बघायचं काय, डोंबल? ही पुस्तकं लिहिणारे सगळे साडेसहा फुटी असणार. मिटून ठेवलं.

मला आईनं शिकवलं तेच खरं. आमचा भुजंगदादा लहानपणापासूनच ताडमाड. मी चणीनं छोटा. (आज पाच फूट दोन. बुटासकट पाच-तीन.) वालूरच्या घरी आमची भांडणं व्हायची. मी दादाला चावायचो आणि मीच भोकाड पसरायचो. आई चुलीपासून उठून यायची, काही न विचारता दादाच्या पाठीत धपाटा घालायची. तू मोठा हायेस ना, तुला समजत न्हाई का, म्हणायची. दादा कधी उलटून बोलला नाही. घरोघरी हाच कायदा आहे. मोठ्यानं समजून घ्यायचं. मी तो कोर्टवर आणला, एवढंच. चौदा वर्षांत एकाही छोट्या पोराची तक्रार नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार
पूर्णेला तालुका स्पर्धा. सतरा वर्षांखालच्या मुली. चुडाव्याची एक पोरगी आहे, सुकेशनी. दहावीत. उंची विचारूच नका. टॉसच्या वेळी तिच्याशी दोन मिनिटं बोललो तर मान अवघडली. बास्केटखाली दोन्ही हात सरळ वर करून उभी राहते. बाकी काही करत नाही. समोरच्या पोरी पळत येतात, तिच्यावर आदळतात आणि पडतात. पडल्या की मी शिट्टी मारतो. चार फाऊल दिले. पाचव्याला बाहेर जावं लागतं. दया केली.

तिचे सर बुद्धभूषण मध्यंतरात आले. लय नम्र माणूस. सर, पोरगी जागची हलली न्हाई, हातबी सरळ व्हते, म्हणाले. मी म्हणालो, भिंतबी जागची हलत नसती, म्हणून काय रस्त्यात बांधायची का? काय उत्तर सुचलं! विसरायच्या आत लिहून ठेवायलोय.

जाताना सांगितलं त्यांनी. जिल्ह्याच्या फायनलला पुण्याच्या एका निवासी क्रीडा केंद्राचे साहेब येणार आहेत. राहणं, खाणं, शाळा, कोचिंग सगळं फुकट. आपल्या भागाला एकच जागा आणि साहेबांच्या कानावर सुकेशनीचं नाव गेलंय. वयाच्या अटीनं तिला यंदाचा शेवटचा चान्स. घरी आई एकटीच, रोजानं जाती. मी शुभेच्छा दिल्या. मनापासून. मी कुणाचं आडनाव बघत नाही, गाव बघत नाही. फक्त उंची बघतो.

३१ ऑगस्ट, रविवार
आमची पोरगी निकिता माझ्यावर गेलीय, चणीनं. मी शिकवतो त्याच शाळेच्या टीमची कॅप्टन. आज गच्चीवर गादी टाकून तिला पडायला शिकवलं. धक्का लागायच्या जरा आधी पाय सोडून द्यायचे, मान मागं टाकायची आणि तोंडानं आवाज काढायचा. आवाज महत्त्वाचा. पप्पा, लाज वाटायली म्हणे. मी समजावलं की देवानं आपल्याला उंची दिली नाही, पडायची अक्कल दिलीय. चौथ्या वेळेला बरी पडली. सौ. जिन्यातून ओरडली की आज महालक्ष्म्या यायच्यात घरात आन् बाप-लेक गच्चीवर लोळायलेत. बाईमाणसाला खेळातलं शास्त्र सांगून उपयोग नाही.
रूलबुक: सणामुळं वेळ नाही. पळणं: सणामुळं नाही. भजी: प्रसादाची होती, नाही कशी म्हणणार.

५ सप्टेंबर
शिक्षकदिन. शाळेत पोरांनी पेन दिलं. फायनल पुढच्या शुक्रवारी. आमची शाळा विरुद्ध चुडावा. मुख्य पंच मी. निकिता खेळणार म्हणून मी जिल्हा संघटनेच्या सेक्रेटरींना स्वतःहून म्हणालो की दुसरा कुणी बघा. दुसरा कोण हाय, म्हणाले. मी फार ताणलं नाही. सहपंच बजरंग सर आहेत, पण ते मूळचे कबड्डीचे. मी शिट्टी मारली की तेबी मारतात.
रात्री जेवताना निकिताला बजावलं की शुक्रवारी कोर्टवर मी तुझा बाप नाही. सर म्हणायचं. ती म्हणाली, मग सर, मी पडले आन् धक्का लागलाच नसला तर? भात गार व्हायलाय म्हणून सांगितलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
ऐतिहासिक दिवस.

सौ.ला गॅलरीत बसवून सगळी मॅच मोबाईलवर घ्यायला लावली. माझ्या निर्णयांचं रेकॉर्ड राहावं म्हणून. पुण्याच्या साहेबांची गाडी वाटेत पंक्चर झाली, त्यांना यायला उशीर. मॅच वेळेवर सुरू केली. शिस्त म्हणजे शिस्त.

पहिल्याच मिनिटाला निकिता बॉल घेऊन आत शिरली. सुकेशनी हात वर करून उभी. निकिता पडली. फाऊल, सुकेशनी. दुसरा तसाच. चुडाव्याची पोरं गॅलरीतून कालवा करायला लागली. एकजण ओरडला, सर, पोरीचे पाय कापा आता, मंजी बरोबर होईल. मी लक्ष दिलं नाही. तिसरा झाल्यावर सुकेशनीनं दोन्ही हात पाठीमागं बांधले आणि तशीच उभी राहिली. आता आली का पंचाईत! क्षणभर शिट्टी तोंडातच राहिली. पण निकिता आदळून खाली पडली होती आणि पडलेल्याला न्याय द्यावाच लागतो. अंग आडवं घातलं म्हणून चौथा दिला. बजरंग सरांनीही शिट्टी मारली, म्हणजे दोन पंचांचं एकमत. पाचव्या वेळेला निकिता अशी पडली, असा आवाज काढला की मीच दचकलो. गादी कामी आली.

हाफच्या आत पाच फाऊल. सुकेशनी बाहेर. बाकावर बसली आणि टॉवेल डोक्यावर घेतला. खांदे हलत होते. मोठी पोरगी आहे, समजून घेईल.

साहेब आले तेव्हा तिसरा क्वार्टर चालू होता. ती उंच मुलगी कुठली, म्हणून विचारलं. मी बाकाकडं बोट केलं. त्यांनी स्कोअरशीट बघितली. पहिल्या हाफमधी पाच? खेळ येतो का नुसतीच उंच हाय, म्हणाले. मला विचारलंच म्हणून प्रामाणिकपणे सांगितलं की शिस्त कमी आहे. खोटं कशाला बोलू? बुद्धभूषण सर पळत आले, साहेबांना काही सांगायला लागले. साहेब म्हणाले, प्रत्येक कोच हेच सांगतो. चहा घेतला आणि पुढच्या जिल्ह्याला गेले.

आम्ही जिंकलो. निकिताचे सगळ्यात जास्त पॉइंट, बहुतेक फाऊलमुळं मिळालेल्या फ्री थ्रोवर. बक्षिसाच्या वेळी ती सुकेशनीच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली होती. फोटोसाठी ओढून आणावं लागलं.

१४ सप्टेंबर
बुद्धभूषण सर घरी आले. चहा घेतला नाही. म्हणाले, साहेबांना एक फोन करा सर, पोरीला एकदा नुसतं खेळताना बघा म्हणा, तुमच्या शब्दाला वजन हाय. वजन आहे हे खरंच. म्हणूनच ते असं खर्चायचं नसतं. कोर्टवरचा निर्णय कोर्टवर राहतो, म्हणून सांगितलं. ते उठले, चपला घातल्या, दारातून वळले. मग म्हणाले, सर, तुमाला राग कशाचा हाय? मला कसला राग? मी न्याय करायलो. असली माणसं मनाला लावून घेतात.
त्यांच्या समोरचा कप मीच पिऊन टाकला.

२२ सप्टेंबर
पुण्याची यादी लागली. जागा दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीला गेली. सुकेशनीचं वय आता बसत नाही. वाईट वाटलं, पण यादी मी लावत नाही. निकिताचं नाव जिल्ह्याच्या टीममध्ये आलं, विभागीयला जाणार. पेढे वाटले. निकितानं घेतला नाही, दात दुखायलाय म्हणे.
राज्य पंच परीक्षेचा अर्ज भरला. कामाचा नमुना जोडा म्हणून लिहिलं होतं. फायनलचा व्हिडिओ पाठवला. सुकेशनीचे पाचही फाऊल कापून एकामागं एक लावून घेतले, म्हणजे बघणाऱ्याला सोपं. मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं विचारलं, काका, ही कॉमेडी हाय का? अडाण्यांचा बाजार सगळा.

९ ऑक्टोबर
विभागीयला दाणादाण. मी गेलो नव्हतो, बजरंग सरांनी फोनवर सांगितलं. पहिल्याच चढाईला निकिता समोरच्या उंच पोरीला धडकून पडली आणि पडूनच राहिली, शिट्टीची वाट बघत. शिट्टी वाजली नाही. पंच तिच्या बाजूनं पळत गेले, म्हणाले, ऊठ बाळा, खेळ चालू हाय. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा समोरच्या टीमनं बॉल तिच्या अंगावरून नेला. सगळी गॅलरी हसली. नंतर आमच्याच कोचनं तिला बसवून ठेवलं.
तिकडची पंचगिरी किती खालावलीय बघा. एक अर्ज करावा म्हणतो.
निकिता घरी आली तशी खोलीत गेली. रात्री दाराबाहेरून दोन-तीन गोष्टी समजावून सांगितल्या. झोपली असेल.

१० ऑक्टोबर
निकितानं बूट वरच्या फळीवर टाकलेत. बारावीचा अभ्यास म्हणे. अजून अकरावीत आहे.

१४ नोव्हेंबर
उद्या संभाजीनगर. दोन दिवसांचा पंच वर्ग आणि परीक्षा. रूलबुक रेल्वेत वाचणार. सौ.नं दशम्या दिल्या. निकिताला म्हणालो, आता पप्पा राज्य पंच होऊनच येणार. बरं, म्हणाली. दोन महिन्यांत माझ्याशी इतकं मोकळं बोलली नव्हती.

१५ नोव्हेंबर, शनिवार
रेल्वेत जागा मिळाली, झोप लागली. वर्गाला चाळीसेक पंच. मी पहिल्या रांगेत. शिकवायला एक मॅडम आहेत, स्वतः राष्ट्रीय खेळलेल्या. दारातून वाकून आत आल्या तेव्हाच माझ्या मनात शंका आली. उंच माणसाकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नये.
पण मोठी बातमी. उद्याच्या तासाला माझाच व्हिडिओ पडद्यावर दाखवणार आहेत! मॅडमनी यादीत नाव वाचलं, महारुद्र कोण, विचारलं. मी उभा राहिलो. बराच वेळ बघितलं माझ्याकडं. उद्या तुमच्या मॅचवर बोलू, म्हणाल्या. जेवताना सगळ्या टेबलांवर सांगून आलो. सौ.ला फोन केला. रूलबुक वाचायची आता गरज नाही.

१६ नोव्हेंबर
लिहावं की नाही कळंना.
पडदा लावला. पहिला फाऊल दाखवला. मॅडम म्हणाल्या, मोठीचा फाऊल म्हणणाऱ्यांनी हात वर करा. मी केला. मागं बघितलं. माझा एकट्याचाच होता. मागून कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्याला मी हात खांद्यापर्यंत नेला आणि कान खाजवला. तिसऱ्याला आधी मागं बघून घेतलं. चौथा दाखवला, हात पाठीमागं बांधलेला. सगळा वर्ग चक् चक् करायला लागला. फाऊल नाही म्हणणाऱ्यांनी हात वर करा, म्हणाल्या. सगळ्यांनी केले. मीही केला. चटकन केला.

पाचव्याला मॅडमनी चित्र थांबवलं. निकिता मागं पडायलेली, तोंड उघडं, आणि दोघींच्या मधी हातभर मोकळी जागा. मधून पलीकडची बादली दिसत होती. एवढ्या मोठ्या पडद्यावर. मागचा एकजण म्हणाला, ही बुटकी कुणाची हो, नाटक कंपनीत घाला हिला. वर्ग खो खो हसला. मी पण हसलो. बाजूच्याच्या मांडीवर टाळी दिली.

मग मॅडमनी मलाच उभं केलं. अशा पंचाचं काय करावं, विचारलं. सगळ्यांच्यात मी काय बोलणार? शिट्टी काढून घ्यावी, म्हणालो. त्यांनी हात पुढं केला. मला वाटलं गंमत करायल्यात. हात तसाच राहिला. गळ्यातली दोरी कॉलरमध्ये अडकली, बाजूच्यानं सोडवून दिली.

कुणीतरी विचारलं, त्या उंच मुलीचं काय झालं? मॅडम म्हणाल्या, मी पुण्याला फोन केला होता. त्यांनी व्हिडिओ बघितला, हळहळले. पण जागा भरलीय आणि वय गेलंय. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, एक काम करा, तिच्या घरी जाऊन सांगा की तिचा एकही फाऊल नव्हता. तेवढं तरी तिला कळू द्या. मी हो म्हणालो. परीक्षेला बसवलं नाही.

१७ नोव्हेंबर
घरी निकाल राखीव म्हणून सांगितलं. सौ. म्हणाली, राखीव मंजी काय? मोठ्या परीक्षांचं असंच असतं. जेवताना निकिताकडं बघवत नव्हतं, उजेड फार होता. बल्ब बदलायला पाहिजे.

२३ नोव्हेंबर, रविवार
शब्द म्हणजे शब्द. सकाळच्या गाडीनं चुडाव्याला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो. सुकेशनी, तुझा एकही फाऊल नव्हता. एवढंच तर आहे.

घर लगेच सापडलं, कुणालाही विचारा, उंच पोरीचं घर म्हणतात. आई सगुणाबाईंनी खुर्ची दिली, पदरानं पुसून. सर लांबून आले म्हणून चहाला शेजारून दूध आणलं. मला खरंच वाटलं होतं की शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. सगुणाबाई म्हणाल्या की पोरगी आता खेळत न्हाई, माझ्यासंगं कापूस वेचायला येती, अन् वाकून वाकून चालती, बायका हसतेत म्हणून. तुमी सांगा सर तिला, तुमचं ऐकंल.

सुकेशनी आली. जयभीम सर, म्हणाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, खांदे आवळून. मी घसा साफ केला. ती म्हणाली, सर, एक विचारू का? लय दिवसांचं विचारायचं व्हतं. हात खाली ठेवले, मागं बांधले, तरी चुकत व्हतं. माझं नेमकं कुठं चुकत व्हतं? मी घरी लय डोकं लावलं, मला समजलंच न्हाई.

आई माझ्याकडं बघायलेली. पोरगी माझ्याकडं बघायलेली. दोघींच्या तोंडावर राग नाही. सर सांगतील म्हणून नुसत्या थांबलेल्या.

थोडं गुडघ्यात वाकून उभं राहत जा, म्हणालो.

हो सर, म्हणाली ती. सगुणाबाई म्हणाल्या, बघ, मी सांगत व्हते की न्हाई, आपलंच कायतरी चुकत आसंल. पोरीनं मान हलवली. दुसरा कप चहाचा आग्रह करायल्या होत्या, पण माझ्या गाडीची वेळ झाली, म्हणून उठलो. सुकेशनी दारापर्यंत पोचवायला आली.

गाडीला पावणेदोन तास उशीर होता. स्टेशनवर बसून राहिलो. त्यांचं घर तिथून दिसतं.